घायपाताची कुळकथा

इतिहासाच्या अभ्यासकाचा कागदावर फार विश्वास. दप्तरांत जें सांपडतें तें खरें धरावें, आणि जें सांपडत नाहीं त्याविषयीं गप्प बसावें, अशी शिस्त आम्हां लोकांना तरुणपणींच लागते. ही शिस्त वाईट आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु तिच्यावर सर्वस्वीं विसंबून राहिल्यास माणूस कसा फसतो याचें एक उदाहरण माझ्याच हातून घडलेलें आहे. तें सांगण्यासाठीं व त्याचें परिमार्जन करण्यासाठीं हा लेख.

कांहीं वर्षांपूर्वीं पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतल्या जुन्या ग्रामधंद्यांविषयीं मीं एक लहानसा निबंध लिहिला होता. त्यासाठीं एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी लिखाण चाळतांना ‘अ‍ॅलो’ या वनस्पतीच्या तंतूंचा उल्लेख मला वारंवार आढळे. अ‍ॅलो म्हणजे कोरफड, हें कोणताही कोश सांगतो. तेव्हां ‘या भागांत कोरफडीच्या धाग्यांपासून दोर वळीत असत’, असें वाक्य मीं बिनदिक्कत लिहून टाकलें. निबंध छापून आला. विद्वान् मित्रांनीं वाचला. कोणीही हरकत घेतली नाहीं.

पुढें एकदां इंदापूर तालुक्यांत भिगवणच्या पलीकडे एका खेडेगांवीं जाण्याचा प्रसंग आला. तेथें मातंग समाजांतील एक वृद्ध गृहस्थ भेटले. ऐंशीच्या घरांतलें वय, दृष्टि थोडी अधू, पण बोलणें खणखणीत. जन्मभर दोर वळले, असें त्यांनीं सांगितलें. मीं मोठ्या उत्साहानें त्यांना विचारलें, “बाबा, तुम्ही कोरफडीचे दोर वळीत होतां ना?”

त्यांनीं माझ्याकडे क्षणभर पाहिलें आणि ते हंसले. “मास्तर, कोरफडीचा दोर एकदा वळून दावा. मी सोता त्या दोरानं बांधून घेतो, आन् तोडून बी दावतो. कोरफडीत नुसता गर. गरानं कुठं मोट वढली जाती व्हय?”

मग त्यांनीं मला ओढ्याच्या कडेला बांधावर नेलें. तेथें करड्या-निळ्या रंगाच्या, तलवारीसारख्या लांब पानांचा एक जुना गड्डा उभा होता. नातवाकडून त्यांनीं एक पान कापविलें, तें दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानें ठेचलें, आणि गर निपटून काढतांच हातांत पांढऱ्या धाग्यांची एक लडी राहिली. “ह्यो घायपात. सोलापुराकडची मानसं ह्याला केकताड म्हनत्यात. ह्यो वाख. ह्याचा दोर.”

माझा निबंध तेथेंच निकालांत निघाला. परंतु त्या दिवसापासून या वनस्पतीच्या कुळाचा शोध घेण्याचा मला नाद लागला, आणि बारामती-इंदापूरच्या माळरानावरील कांटेरी, मांसल झाडें मला जुन्या कागदांइतकींच बोलकीं वाटूं लागलीं.

माझी चूक झाली कशी, तें आधीं सांगतों. कोरफड ही युरोपला फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. तिच्या पानांतील पिवळा कडू रस आटवून जो काळा बोळ तयार होतो, तो औषध म्हणून दूरदूर विकला जाई. गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथांत अ‍ॅलोवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. तेव्हां युरोपियन लोकांच्या डोळ्यांपुढें अ‍ॅलोची मूर्ति पक्की बसलेली होती : मुळापाशीं चक्राकार जमलेलीं जाड, टोकदार, कांठाला दांते असलेलीं पानें. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर अमेरिकेचा मार्ग खुला झाला, आणि मेक्सिकोंतून अशाच आकाराची, पण आकारमानानें कितीतरी मोठी अशी एक वनस्पति युरोपांत आली. नवीन वस्तूला जुनें नांव देण्याची मनुष्याची खोड जुनीच आहे. लोकांनीं तिला ‘अमेरिकन अ‍ॅलो’ म्हटलें. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं ती वनस्पति वेगळी काढून तिला ‘अगेव्ह’ हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘भव्य’ किंवा ‘थोर’ असा होतो. परंतु शास्त्रज्ञानें नांव बदललें म्हणून व्यापारी व कारकून तें बदलतातच असें नाहीं. इंग्रजी अंमलांतील अहवालांत, बाजारभावांत व तुरुंगांतील उद्योगांच्या हिशेबांत घायपाताचा वाख ‘अ‍ॅलो फायबर’ म्हणूनच नोंदला गेला. त्या ‘अ‍ॅलो’चें मीं कोशाच्या आधारें ‘कोरफड’ केलें. गांवांतला कोणताही माणूस ज्या दोन झाडांत गल्लत करणार नाहीं, त्यांत मीं ती केली, कारण मीं झाड पाहिलें नव्हतें, शब्द पाहिला होता.

तेव्हां हीं झाडें ओळखावीं कशीं, हें प्रथम नीट सांगितलें पाहिजे. सुटीच्या दिवसांत मुलांना घेऊन मोरगांवला किंवा सुप्याच्या बाजूला जाणाऱ्या कुटुंबांना ही ओळख सहज करून घेतां येईल.

पहिली खूण आंत काय आहे ती. कोरफडीचें पान मोडलें असतां आंत स्वच्छ, बुळबुळीत गर निघतो व सालीलगत थोडा पिवळा रस दिसतो. धागा म्हणून कांहीं नसतो. घायपाताचें पान हातानें मोडतच नाहीं. तें कापावें लागतें, आणि कापल्यावर त्यांत लांबच्या लांब चिवट तंतु दिसतात. निवडुंगाची फांदी मोडली आणि भळभळ पांढरा चीक आला, तर तो आपला जुना देशी निवडुंग. चीक आला नाहीं, नुसतें हिरवट पाणी आलें, तर तो अमेरिकेहून आलेला फड्या निवडुंग.

दुसरी खूण कांट्यांची. घायपाताच्या पानाच्या अग्रावर सुईसारखा कठीण काळपट कांटा असतो. कोरफडीचें अग्र त्या मानानें निरुपद्रवी. घायपातांतही पोटभेद आहेत. ज्याच्या पानांच्या कडांना वांकडे आंकडे असतात व पानें राखी निळसर असतात, तो अमेरिकन घायपात. ज्याच्या कडा जवळजवळ गुळगुळीत असून फक्त टोंकाला कांटा असतो, तो सिसल. युकातान प्रांतांतील सिसल बंदरावरून त्याला हें नांव पडलें. चिकाच्या निवडुंगाचे कांटे दोन-दोनच्या जोडीनें येतात. फड्या निवडुंगाचे कांटे मात्र एकेका ठिपक्यांतून झुबक्यानें निघतात, आणि त्या झुबक्यांत डोळ्यांना न दिसणारीं बारीक कुसळें असतात. मोठा कांटा काढतां येतो. तें कुसळ आठ दिवस जिवाला स्वस्थता देत नाहीं.

तिसरी खूण फुलोऱ्याची. कोरफडीला वर्षाच्या वर्षाला हातभर उंचीचा दांडा येतो, त्यावर पिवळीं फुलें लोंबतात, आणि झाड सुखरूप राहतें. घायपात दहा, वीस, कधीं तीस वर्षेंही थांबतो. मग एके वर्षीं त्याच्या मध्यांतून एक प्रचंड दांडा झपाट्यानें वर निघतो. तो वीस-पंचवीस फूटही जातो. त्यावर फुलें येतात, किंवा सिसलच्या बाबतींत फुलांमागून लहान लहान रोपेंच तयार होऊन खालीं गळतात, आणि मूळ झाड वाळून मरतें. इंग्रजींत याला ‘शतकाचें झाड’ म्हणतात. शंभर वर्षांची गोष्ट अर्थात् अतिशयोक्तीची आहे. मरण्यापूर्वीं बुंध्याशीं पिलें फुटलेलीं असतातच, म्हणून बांधावरची रांग कायम राहते. वाळलेला दांडा वजनाला हलका पण सरळ व मजबूत असतो; छपराला आडव्या वाशासारखा तो घालीत असत.

या परीक्षा करतांना एक काळजी घ्यावी. देशी निवडुंगाचा व शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्याला मोठी इजा होते. घायपाताचा कच्चा रस अंगाला लागला तर भयंकर खाज सुटते, कारण त्या रसांत सुईच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात. अलीकडे कोरफडीचा गर तोंडाला लावण्याची व पिण्याची चाल फार वाढली आहे. त्या भरांत कोणी घायपाताचें पान कापून आणल्यास काय होईल, तें सांगावयास नको. शब्दाच्या गोंधळानें माझा निबंध फुकट गेला. झाडाच्या गोंधळानें माणसाची कातडी जाते.

आतां यांतले देशी कोण आणि पाहुणे कोण? आपल्या वैद्यकांत ‘स्नुही’ म्हणून जी वनस्पति येते, ती चिकाच्या निवडुंगाची एक जात होय. तिच्या दुधाचा उल्लेख तीव्र रेचक म्हणून चरकसंहितेंत आहे. भगंदरावर जो क्षारसूत्राचा उपचार आजही आयुर्वेदीय रुग्णालयांतून करतात, त्यांतील दोऱ्याला स्नुहीचें दूध, आघाड्याचा क्षार व हळद यांचीं पुटें देतात. त्रिधारी निवडुंगही याच कुळांतला. म्हणजे ‘निवडुंग’ हा शब्द मूळचा या दूध देणाऱ्या झाडांचा. पुढें अमेरिकेंतून चपट्या पानांसारख्या पेरांचें झाड आलें, तेव्हां लोकांनीं त्याला त्याच कुळांत घेतलें. मात्र नागाच्या फड्यासारखा आकार पाहून ‘फड्या’ हें विशेषण लाविलें. हें विशेषणच त्याच्या परकेपणाचा दाखला आहे. पाहुण्याला ओळखण्यासाठीं टोपणनांव लागतें. घरच्या माणसाला लागत नाहीं. पुण्याच्या बाजूला ‘घायपात’ व सोलापुराकडे ‘केकताड’ अशीं दोन स्वतंत्र नांवें एकाच झाडाला पडलीं, यावरूनही तें वरून कोणी शिकविलेलें झाड नसून ठिकठिकाणच्या लोकांनीं आपापल्या बुद्धीनें ओळखून घेतलेलें झाड आहे, असें मला वाटतें. घाय करणारी पात तो घायपात, हा अर्थ तर सहजच लागतो.

माळरानावरील एका खऱ्या देशी रहिवाश्याचा मात्र येथें विसर पडतां कामा नये. दगडांच्या आडोशाला, गवताच्या ठोंबांत, चौकोनी हिरव्या काड्यांची माकडशिंग उगवते. तिच्या काड्या मेंढपाळ लोक कच्च्याच खातात. चव कडवट, आंबट. तहान आणि भूक दोन्ही थोडा वेळ मारण्याचा तिचा गुण त्यांना पूर्वापार ठाऊक आहे.

फड्या निवडुंगाची कथा इतकी चमत्कारिक आहे कीं ती थोडक्यांत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मेक्सिकोंत या झाडावर एक कीटक पोसतात. त्याला चिरडून उत्तम किरमिजी रंग मिळतो. त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या हातीं होता. तो आपल्याकडे खेंचावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनें अठराव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ खटपट केली. १७९५ सालीं कॅप्टन नीलसन नांवाच्या अधिकाऱ्यानें ब्राझीलमधून कीटक कलकत्त्यास आणले. परंतु ते खरे रंगाचे कीटक नव्हते; त्यांच्या रानटी भाऊबंदांपैकीं होते. ओळखण्यांत चूक झाली! रंग हलका निघाला, व्यापार बुडाला, पण त्या कीटकांनीं एका जातीचा निवडुंग मात्र साफ खाऊन टाकला. पुढें दुसऱ्या एका जातीनें दख्खन व दक्षिण हिंदुस्थान व्यापला. गांवकुसें, ओढे, पडीक जमिनी यांत शिरकाव करणें अशक्य झालें. साप, उंदीर व डुकरें यांना तें किल्ल्यासारखें झालें. शेवटीं १९२६ सालीं सिलोनमार्गें त्याच कुळांतील आणखी एक कीटक मुद्दाम आणून सोडला, आणि दहा-बारा वर्षांच्या आंत हा निवडुंग बहुतेक नामशेष झाला. ‘निवडुंगाला कीड लागली’ अशी आठवण जुनीं माणसें सांगत, ती हीच. एका चुकीच्या ओळखीनें सुरू झालेलें प्रकरण बरोबर ओळखीनें संपलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या निवडुंगानें सगळें वाईटच केलें असें मात्र नाहीं. त्याचीं लाल बोंडें कुसळें झाडून पोरें खात व जीभ रंगवून घेत. दुष्काळांत कांटे भाजून, फडे बारीक चिरून, कडब्याच्या कुट्टींत मिसळून तीं गुरांना घालीत. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें याचे प्रयोगही केले होते. जें झाड सुकाळीं शत्रु तेंच दुष्काळीं दावणीला आधार, हा या भागाचा अनुभव.

आणि दुष्काळ तर या भागाच्या पाचवीलाच पुजलेला. इंदापूर व सुपें हीं शहाजीराजांच्या जहागिरींतील ठिकाणें. बारामतींत कवि मोरोपंतांनीं आयुष्य वेंचलें. परंतु राजकारण आणि काव्य यांहून या भूमीवर अधिक सत्ता पावसानेंच गाजविली. इंग्रजी अंमलांत पहिली मोठी महसुली पाहणी प्रिंगल यांनीं केली. तिचा आकार रयतेला झेंपेना व जमिनी ओस पडल्या. मग १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत नवी पाहणी केली. मुंबई इलाख्याची पुढची सगळी रयतवारी पद्धति या इंदापुरी नमुन्यावर उभी राहिली. आपल्या सातबाराच्या उताऱ्यावर जो सर्व्हे नंबर असतो, त्याची वंशावळ अशी इंदापूरच्या माळावर येऊन पोहोंचते. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ सालीं आकारणी पुन्हां झाली, सारा चढला. तोंच कापसाची तेजी ओसरली, सावकाराचें देणें वाढलें, आणि १२ मे १८७५ रोजीं, आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुपें गांवीं कुणब्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांचा आरंभ तो. त्यानंतर वर्ष-दीड वर्षांतच १८७६ चा भयंकर दुष्काळ पडला.

हा सगळा इतिहास कागदोपत्रीं आहे व आम्ही तो वर्गांतून शिकवितों. परंतु ज्या जमिनीची मोजणी झाली, तिची हद्द जमिनीवर कोण राखीत होतें? कागदावर रेघ ओढली तरी बांध बांधावाच लागतो, आणि त्यावर जनावर चढूं नये, माती वाहूं नये, शेजाऱ्याचा नांगर सरकूं नये, यासाठीं कांहीं तरी लावावें लागतें. पाणी मागत नाहीं, गुरें खात नाहींत, वाळवी लागत नाहीं, राखण लागत नाहीं, असें झाड या मुलखांत घायपाताहून दुसरें कोणतें? रेल्वेलाही तोच गुण उपयोगी पडला. पुण्याहून दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला, पुढें तो सोलापुरास गेला. देशांत पुष्कळ ठिकाणीं रुळांवर गुरें येऊं नयेत म्हणून मार्गाच्या कडेला घायपाताच्या रांगा लावीत असत. मेक्सिकोंतून आलेलें झाड अशा रीतीनें सरकारी मोजणीचें व आगगाडीचें कुंपण झालें.

पण कुंपणापलीकडे त्याचा खरा उपयोग ज्यांनीं केला, त्यांच्याकडे आतां वळूं.

मेक्सिकोंतील मूळ रहिवासी घायपाताच्या गाभ्यांतला रस काढून त्याचें मद्य करीत, पानांच्या धाग्यांचीं वस्त्रें विणीत, अग्रावरचा कांटा मागच्या तंतूंसकट ओढून त्याची ओंवलेली सुई करीत. आजची टकीला ही तिकडच्या एका निळ्या घायपाताचीच दारू होय. यांतलें मद्याचें ज्ञान आपल्याकडे मुळींच आलें नाहीं. झाड समुद्र ओलांडून आलें. त्याची विद्या तिकडेच राहिली. मग त्याचा वाख काढून दोर वळण्याची युक्ति येथें कोणी काढली? माझ्या मतें, ज्यांना अंबाडी व ताग कुजवून सोलण्याची, धागा पिळण्याची, पेड घालण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्यांनींच हें नवें झाड पाहतांच त्यांतला धागा ओळखला असला पाहिजे. हे लोक म्हणजे गांवगाड्यांतील मांग बलुतेदार.

त्यांची रीति त्या वृद्ध गृहस्थांनीं मला टप्प्याटप्प्यानें सांगितली. जून झालेलीं बाहेरचीं पानें तेवढीं कापावयाचीं. गाभ्याला हात लावावयाचा नाहीं. कांटे तासून, पानें चिरून, पेंढ्या बांधून ओढ्याच्या डबक्यांत दगडाखालीं दाबून ठेवावयाच्या. दहा-पंधरा दिवसांत गर कुजतो. त्याची दुर्गंधि इतकी कीं जवळून जाणारा नाक धरतो; आणि पाणी नासतें म्हणून गांवाशीं तंटा व्हावयाचा तो निराळाच. मग कंबरेइतक्या पाण्यांत उभें राहून पेंढ्या आपटावयाच्या, लांकडी मोगरीनें ठेंचावयाच्या, धुवावयाच्या व वाळत घालावयाच्या. या कामांत बायकांचा वांटा निम्म्याहून अधिक. हातापायांना फोड येत, खाज रात्रभर झोंप लागूं देत नसे. वाख पांढरा शुभ्र निघाला म्हणजे तो विंचरून, फिरकीनें पीळ देऊन, तीन पेडांचा दोर वळावयाचा.

आणि दोर म्हणजे एकच वस्तु नव्हे. बैलाच्या नाकांत वेसण, तोंडाला म्होरकी, हांकावयाला कासरा, गोठ्यांत दावें, स्वयंपाकघरांत शिंकें, गाडीला चऱ्हाट. या सर्वांत मुख्य म्हणजे मोटेचा नाडा. बारामती-इंदापूरच्या खोल विहिरींतून पाणी वर येई तें चांभारानें शिवलेल्या मोटेंतून, सुताराच्या चाकावरून, पण मांगानें वळलेल्या नाड्यानें. वरचा जाड नाडा आणि खालचा सोंदूर हे दोन दोर शाबूत असतील तोंवर थारोळ्यांत पाणी पडावयाचें. भर मोटेला नाडा तुटला तर मोट विहिरींत, बैल तोंडावर, आणि क्वचित् माणूसही प्राणास मुके. बेंदूर किंवा पोळा आला कीं नवे दोर शेतकऱ्याच्या घरीं पोहोंचवावयाचे, आणि सुगीला खळ्यावरून बलुतें घ्यावयाचें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या पुस्तकांत बलुतेदारीच्या या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन आहे. तिच्यांत देवाणघेवाण होती हें खरें. पण मांगाच्या दोरानें वर आलेलें पाणी मांगानें शिवावयाचें नाहीं, हाही त्याच व्यवस्थेचा नियम होता. हा नियम झांकून बलुतेदारीचें गोड वर्णन करणें म्हणजे इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होय. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनें १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला. त्या समाजाच्या हातीं लेखणी आली तेव्हां तिच्यांतून प्रथम दुःख उतरलें, कसब नव्हे. आणि तें साहजिकच होतें.

पुढें काळ पालटला. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि तालुक्याचे दोन भाग पडले : कालव्याखालीं ऊंस, त्याबाहेर पूर्वीचेंच जिराईत. विसाव्या शतकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर उभें राहिलें, साखरेचे कारखाने आले. तेलाचीं इंजिनें व विजेचे पंप आले आणि मोट बसली. मोट बसली तेव्हां नाडा बसला. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ ग्रामवतनें रद्द झालीं. मग नायलॉनचा दोर आला. तो कुजत नाहीं, खाजवत नाहीं आणि स्वस्तही असतो. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें होऊन भीमेच्या कांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. त्यांच्याबरोबर किती बांध व किती घायपात बुडाले, याची नोंद कोण ठेवणार? आतां बारामतीजवळ माळेगांव येथें २००९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेंत मुरमाड, पाणी नसलेल्या जमिनींत काय पिकेल याचा अभ्यास चालतो, आणि तेथें ज्या पिकांवर काम झालें त्यांत ‘ड्रॅगन फ्रूट’ आहे. तेंही अमेरिकेंतून आलेल्या निवडुंगाच्याच जातीचें. म्हणजे त्या दूरच्या खंडांतील कांटेरी मंडळींचें या माळावर येणें अजून थांबलेलें नाहीं.

निघतांना मीं त्या वृद्ध गृहस्थांना विचारलें, “बाबा, धंदा बुडाला याचें वाईट वाटतें का?”

ते म्हणाले, “कशाचं वाईट? माझ्या आईचं हात उभा जलम खाजवून रक्ताळल्यालं मी बघितल्यात. नातू कालिजात जातुया, त्येनं घायपाताला शिवू बी नये. पर मास्तर, एक सांगा. ह्या गावातली हिरीन् हीर आमच्या नाड्यावर चालली. हे कुठं लिवून ठिवलंय का?”

मीं कांहीं बोललों नाहीं. लिहिलेलें होतें तें माझ्याच निबंधांत होतें, आणि तेथें झाडाचें नांव चुकीचें होतें. शिवाय दोर ‘वळीत असत’ असें लिहून कोण वळीत असत तें मीं सांगितलेंच नव्हतें. मराठी भाषेची ही सोय मोठी धोक्याची आहे : कर्ता गाळला तरी वाक्य पुरें होतें. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं असें आपण म्हणतों. पण पीळ कोणी घातला, हें मात्र विचारीत नाहीं.

तेव्हां, ज्या वाचकांजवळ माझा तो जुना निबंध असेल त्यांना विनंति आहे. त्यांत ‘कोरफडीच्या धाग्यांपासून दोर वळीत असत’ असें जें वाक्य आहे तें खोडावें, आणि त्याच्या जागीं पुढील वाक्य लिहून घ्यावें : ‘या भागांतील मांग स्त्रीपुरुष घायपाताचा वाख काढून दोर वळीत, आणि त्या दोरांवर येथल्या विहिरी चालत.’